वीस चित्रांचे वचन

माझा जन्म कारखान्यात झाला नाही, मित्रांनो. न्यूझीलंडमधल्या पापाकुरा गावी, एका लहानशा घरात, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, सुशांत नावाच्या फार्मासिस्टने मला एका रविवारी जोडले. ते साल सत्त्याण्णव. आज दोनच वर्षांनी मला सगळे जुना कॉम्प्युटर म्हणतात. इतक्यात कोणी जुने होते का, असे तुम्ही विचाराल. आमच्या जातीत होते.

सुशांत पुण्याहून न्यूझीलंडला आला होता. त्याची बायको दमयंती हॉस्पिटलात नर्स होती. मला जोडताना माझे बारीक स्क्रू तिने एका वाटीत सांभाळले आणि माझा पडदा पहिल्यांदा उजळला तेव्हा टाळ्याही तिनेच वाजवल्या. मला वाटले, आपण चांगल्या घरात आलो.

सुशांतला लहानपणापासून विमानांचे वेड. पायलट व्हायचे होते, पण चष्म्याचा नंबर आड आला. म्हणून त्याने माझ्यात विमान उडवण्याचा खेळ घातला आणि मला एक जॉयस्टिक जोडली. संध्याकाळी फार्मसीतून आला की तो पडद्यावर घराजवळच्या आर्डमोरच्या धावपट्टीवरून उडायचा आणि मनुकाऊच्या खाडीवर घिरट्या घालायचा.

हे सगळे मी कसे दाखवायचो ते सांगतो. मी एकामागून एक चित्रे काढायचो. विमान जरा पुढे गेले की नवे चित्र, आणखी पुढे गेले की आणखी एक. ती भराभर आली की पाहणाऱ्याला आपण खरेच उडतो आहोत असे वाटते. सेकंदाला किती चित्रे निघतात त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत दिसायचा. त्या आकड्यानेच पुढे घात केला.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात एक दिवस दमयंती कामावरून आली ती तशीच कोट न काढता माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. उत्तरेकडच्या एका गावातून पेशंट आणायला तिला लहान विमानातून पाठवले होते.

"काय झालं गं?" सुशांतने विचारले.

"विमान वळलं आणि मला ओकारी झाली. पेशंटनेच माझ्यापुढे पिशवी धरली, सुशांत. त्या बिचाऱ्याला सलाईन लावलेलं, आणि तोच मला विचारतोय, यू ओके, लव्ह?"

सुशांत हसला. मग तिचे डोळे भरलेले पाहून त्याने हसू आवरले.

"उन्हाळ्यात अशा फेऱ्यांसाठी फ्लाइट टीम नक्की होणार आहे," ती म्हणाली. "जून मला घ्यायला तयार आहे." जून म्हणजे तिच्या वॉर्डची मुख्य नर्स. "मला हे काम हवंय रे. लांबच्या गावातला माणूस तुमच्या भरवशावर विमानात झोपलेला असतो. पण मीच अशी आडवी झाले तर?"

सुशांतने थोडा विचार केला. "माझ्या विमानात बस ना. रोज थोडं थोडं. वळण डोळ्यांच्या सवयीचं होईल."

ती बसली, पण लगेच उठली. त्या वेळी सुशांतने खेळात ढग, झाडे, इमारती असे सगळे भरून ठेवले होते. मोकळ्या पाण्यावर मी भराभर चित्रे काढायचो आणि शहर आले की दमायचो. चित्र एकदम थांबायचे, मग उडी मारून पुढे जायचे. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असल्या की आपण न बघता उतरतो. मधलीच एक पायरी खोल निघाली की पोटात धस्स होते. दमयंतीचे तसे झाले.

तेव्हा सुशांतने जे केले ते मी विसरणार नाही. शनिवार-रविवार तो माझ्यासमोर बसून राहिला. त्याने ढग काढले, झाडे काढली, अर्ध्या इमारती काढल्या. मग मला एक मर्यादा घालून दिली. सेकंदाला वीस चित्रे, त्याहून एकही जास्त नाही. समुद्रावर मला अधिक काढता आली असती, पण मी थांबायचो. शहरावर ओझे हलके झाल्यामुळे वीस जमायची. आकडा लहान होता, पण प्रत्येक चित्र आपापल्या वेळेवर येत होते.

"अगंबाई!" दमयंती म्हणाली. "किती अलगद वळलं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी ती हीच.

मग सुट्टीच्या दिवशी सकाळी, खिडकीतून ऊन आत आलेले असताना, ती चहाचा कप घेऊन माझ्यापुढे बसू लागली. विमान आपोआप वळत राहील असे करून ठेवायची आणि शेजारच्या खुर्चीवर एक उशी आडवी ठेवायची. ती उशी म्हणजे पेशंट. विमान कलले की ती उशीवर वाकायची, तिची नाडी बघायची, सलाईन तपासायची, पुन्हा मान वर करून पडद्याकडे पाहायची. उशीशी बोलायचीही. "घाबरू नका, आता उतरतोच आहोत." हळूहळू तिचा चेहरा पांढरा पडेनासा झाला. पुढे तर ती वळणावर गुणगुणायला लागली.

एकदा तिने सुशांतला बजावले, "हे जसं आहे तसंच राहू दे हं. ह्या वीसला हात लावायचा नाही. वचन दे."

"दिलं," तो म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर थाप मारली. मीही त्या वचनात आहे असे मला वाटले.

त्याच सुमारास सुशांतची विवेकशी ओळख झाली. विवेक अल्बनीला राहायचा. तो आणि आणखी दोघे-तिघे असेच घरी विमाने उडवायचे आणि एकमेकांकडे जमायचे. त्यांच्या बोलण्यात एकच विषय असायचा. तुझा आकडा किती? माझा चाळीस. माझा पंचेचाळीस. सुशांत वीस म्हणाला तेव्हा कोणीतरी म्हणाले, "वीस? मग उडतोस की रांगतोस?" सगळे हसले. घरी आल्यावर तो माझ्यासमोर बसून त्या वीसकडेच बघत राहिला.

पुढच्या आठवड्यात त्याने माझ्यात चित्रे भराभर काढणारे एक नवे कार्ड बसवले. मी आनंदलो, कारण माझे काम सोपे होणार होते. पण त्याने वीसची मर्यादा काढून टाकली. ढग परत आले. झाडे परत आली, पूर्वीपेक्षा दाट. समुद्रावर आकडा साठवर गेला आणि सुशांत खुर्चीतून उठून ओरडला, "साठ!" शहर येताच तो पंधरावर घसरला, पुन्हा पन्नास, पुन्हा बारा. चित्र ठेचकाळत होते. पण सुशांत चित्राकडे पाहतच नव्हता. त्याची नजर कोपऱ्यातल्या लाल अक्षरांवर होती. पुढच्या महिन्यात सगळे त्याच्याकडे जमणार होते आणि त्याला तो साठ त्यांना दाखवायचा होता.

सुट्टीच्या दिवशी दमयंती नेहमीसारखी बसली. उशी ठेवली. विमान शहरावर वळले. तिने उशीवरून मान वर केली आणि तेवढ्यात चित्राने उडी मारली. तिने टेबलाची कड धरली आणि ती बाथरूमकडे धावली. सुशांत मागोमाग गेला. बराच वेळ तो तिची पाठ चोळत होता.

तोंड धुऊन ती परत आली. "तू काही बदललंस का ह्यात?"

मित्रांनो, मला वाटले, आता तो सांगेल. चूक कोणाचीही होते. दोन मिनिटांत सगळे पूर्ववत झाले असते.

"छे गं," सुशांत म्हणाला. "मी कशाला हात लावू? मशीन थकलंय. आणि तुझी भीती परत आली असेल. होतं असं."

माझ्याजवळ बोलायला तोंड नव्हते. ज्या हातांनी मला जोडले, त्या हातांच्या माणसाने माझ्यावर खोटा आळ घेतला, आणि त्याच दमात तिच्यावरही. माझे सोडा. पण तिने त्यावर विश्वास ठेवला.

ती आणखी दोनदा बसली. दोन्ही वेळा तेच झाले. सुशांतने प्रत्येक वेळी आल्याचा चहा करून दिला आणि खरे मात्र सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या शेजारचा फोन उचलला.

"किया ओरा, जून," तिने इथल्या पद्धतीचा नमस्कार केला. "दमयंती बोलतेय. फ्लाइट टीममधून माझं नाव काढून टाक." पलीकडून बराच वेळ काहीतरी समजावणे चालले होते. "नाही, मी प्रयत्न केला. खूप केला. माझ्या शरीरालाच ते जमत नाही." तिने फोन ठेवला आणि उशी उचलून आत नेली.

ठरल्याप्रमाणे मंडळी जमली. सुशांतने मला सुरू केले, विमान समुद्रावर नेले आणि कोपऱ्याकडे बोट दाखवले. "बघा. साठ." सगळ्यांनी मान डोलावली. मग विमान शहराकडे वळले.

विवेक पुढे झुकला. "अरे, पण हे अडखळतंय किती! आकडा मोठा आहे, पण बघवत नाही. मर्यादा का नाही घालत? कमी चालेल, सारखं हवं."

"होती रे," सुशांत बोलून गेला. "वीसवर बांधून ठेवलं होतं. कार्ड बसवलं तेव्हा काढली."

दमयंती बटाटेवड्यांची ताटली घेऊन दारात उभी होती.

"कार्ड कधी बसवलंस?" तिने विचारले.

विवेकने बिचाऱ्याने खाली पाहिले; त्याला काहीच ठाऊक नव्हते.

"दमे, मी सांगणारच होतो..."

"मी तुला विचारलं होतं." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी ओकत होते आणि तू माझी पाठ चोळत होतास. तेव्हा तुला माहीत होतं, सुशांत."

तिने ताटली ठेवली आणि ती बाहेर निघून गेली. मंडळी थोड्या वेळाने, वडे तसेच टाकून, आपापल्या गाड्यांत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने जूनला फोन केला. ती जागा दुसऱ्या नर्सला दिली गेली होती. पुढे जागा निघाली तर बघू, असे जून म्हणाली. सुशांतने त्याच सकाळी मला पुन्हा वीसवर बांधले, ढग काढले, खुर्चीही पुसून ठेवली. दमयंती खोलीतून ये-जा करायची, पण त्या खुर्चीत ती पुन्हा कधी बसली नाही. मी वीस चित्रे वेळेवर काढायला तयार होतो. पाहायला कोणी नव्हते.

काही दिवसांनी ती आर्डमोरला गेली आणि खऱ्याखुऱ्या लहान विमानातून एक फेरी मारून आली. ते मला त्यांच्या बोलण्यावरून कळले.

"पोट ठीक होतं?" सुशांतने चाचरत विचारले.

"ठीक होतं. मी केव्हाच बरी झाले होते, सुशांत. तू मला आजारी असल्याचं पटवलंस."

त्यानंतर सुशांतला माझ्याकडे पाहवेना. मी सुरू असलो की त्याला ते सगळे आठवत असावे. त्याने नवा कॉम्प्युटर आणला, माझे कार्ड काढून त्यात घातले आणि माझ्यावर एक जुनी चादर टाकली. मग एका शनिवारी मला गाडीच्या डिकीत घालून पुकेकोहेला आणले. इथे कृष्णाभाई नावाचे एक शेतकरी कांदे पिकवतात. त्यांना पोत्यांची लेबले छापायला कॉम्प्युटर हवा होता.

शेडच्या दारात मला खाली ठेवताना सुशांत म्हणाला, "आधीच सांगतो, कृष्णाभाई, जुनं झालंय. अडखळतं."

दमयंती गाडीतून उतरली. माझ्याकडे न पाहता ती सरळ कृष्णाभाईंना म्हणाली, "तसं काही नाही. मशीन चांगलं आहे. अडखळण्यात त्याचा दोष नव्हता."

सुशांतने मान खाली घातली. कृष्णाभाईंना काहीच कळले नाही. ते म्हणाले, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास, आणि मला आत घेऊन गेले. गाडी निघून गेली. तिला फ्लाइट टीममध्ये पुढे जागा मिळाली की नाही, मला कळले नाही. कळवायला इथे कोणी येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू अडखळू लागली, तर तिला नावे ठेवण्याआधी आपण तिच्यात काय बदलले ते आठवा. तिच्यावर विसंबून दुसरे कोणी बसत असेल, तर त्याला ते त्याच दिवशी सांगा, लाज वाटली तरी सांगा. कांद्याची टरफले आणि माती मला आता सवयीची झाली आहेत. मला कोणी पुसले नाही तरी चालेल. फक्त माझ्या नावावर खोटे बोलू नका.