तिसरा पंप

"पिशवी घे, चल. दुकान उघडलं असेल," बाबा म्हणाले.

सकाळचे पावणेनऊ झाले होते. दुकान दहाला उघडतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण याच आठवड्यात आम्ही तिथे दोनदा जाऊन आलो होतो. पण पायांत चपला, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि दारापासून फाटकापर्यंत येरझाऱ्या चालू. माझा अर्धा चहा मी मोरीत ओतला.

पंप हवा होता परसातल्या तळ्यासाठी. तळं म्हणजे काय, सहा फूट बाय चार फूट, गुडघ्याच्या वर पाणी आणि अकरा मासे. आईनेच हौसेने खोदून घेतलेलं. आठ महिन्यांपूर्वी तिची नजर गेली. त्यानंतर एकदा ती एकटीच माशांना खायला घालायला निघाली आणि वाट चुकून कुंपणाच्या तारेत अडकली. तेव्हापासून खाटेवर बसून असायची. मग एक दिवस तीच म्हणाली, "तळ्यात पाणी पडतं ठेवा. आवाजाच्या रोखाने मी जाईन. दरवेळी कुणाचा हात नको मला." त्या दिवसापासून बाबांना चैन नव्हतं.

खरं तर त्यांचा जन्मच पंपांत गेला. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात अडतीस वर्षं मेकॅनिक. सायकल बाहेर लावता लावताच सांगायचे, "तीन नंबरचं बेअरिंग गेलंय," आणि तीन नंबरचंच निघायचं. अशा माणसाला एवढ्याशा तळ्याचा पंप निवडायला कितीसा वेळ लागावा?

पहिला आणला तो अर्ध्या हॉर्सपॉवरचा. मी म्हटलं, "बाबा, तळ्यात लावायचाय, चौथ्या मजल्यावर पाणी नाही चढवायचं." तर म्हणे, पंप नेहमी एक नंबर वरचा घ्यावा. बटण दाबलं आणि पाणी थेट कुंपणापलीकडे, शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींवर. एक मासा पंपाच्या जाळीला चिकटला, तो बाबांनी धावत जाऊन सोडवला. दुसरा पंप निम्म्या ताकदीचा, पण असा घरघरायचा की आई दारातच कानांवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, सगळीकडूनच आवाज येतोय. पाणी कुठे पडतंय तेच कळत नाही."

"मला तर छान ऐकू येतंय," बाबा म्हणाले. आई आत वळली.

मला वाटलं, हट्ट, दुसरं काय. फोन उचलायचा नाही, टीव्ही गल्लीला ऐकवायचा, विचारावं एक तर उत्तर भलतंच. चार दिवसांची रजा काढून मी आले होते, त्यातले तीन पंपापायी गेले होते. मी वैतागलेलीच होते.

दुकानदाराने आम्हाला पाहिलं आणि न विचारता दुसरा पंप परत घेतला. "काका, या खेपेला माझं ऐका. तळ्यात पाणी किती?"

"हजार लिटर. थोडं वरच."

"आणि चढवायचं?"

"दोन फूट."

"मग तासाला हजार लिटर फिरवणारा पुष्कळ झाला." त्याने मुठीएवढा पंप काढला. बाबांनी तो तळहातावर तोलून पाहिला.

"खेळणं आहे हे."

"चालवून तर बघू."

त्याने बादलीत पंप सोडला, नळी जोडून तिचं तोंड बादलीच्या काठावर धरलं. बाबांनी डोळे मिटले आणि मान कलती केली. पंप असाच ऐकायचा, ही त्यांची पंपघरातली सवय. बघून फसायला होतं, म्हणायचे. दुकानदाराने बटण दाबलं. पंपाची बारीकशी गुणगुण सुरू झाली आणि नळीतून पाणी बादलीत पडू लागलं. इतका स्वच्छ आवाज, आई कुठूनही ओळखेल असा.

बाबांचा पाय अस्वस्थपणे हलत होता. "अहो, लावा की," ते म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं.

"बंद आहे हा," असं म्हणत बाबांनी डोळे उघडले. समोर पाणी पडत होतं.

त्यांनी हात पुढे केला आणि धारेखाली धरला. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"आत्ताच लावला, काका," दुकानदार म्हणाला. भला माणूस.

"हं. हाच द्या."

वाटेत ते इतके भराभर चालत होते की मला धावावं लागलं. फाटकाशी थांबून म्हणाले, "आईला सांगू नकोस." मी मान हलवली. तीन दिवस मी त्यांना हट्टी म्हणत होते, याची मला आता लाज वाटत होती.

दुपारपर्यंत पंप बसला. आई मागच्या दारात आली, क्षणभर थांबली आणि चालू लागली. पाठ ताठ, हात किंचित पुढे. मी श्वास धरून मोजत होते. एकोणीस पावलं, आणि तिचा हात बरोबर तळ्याच्या काठावर टेकला. तिने पाण्यात बोटं बुडवली आणि लहान मुलीसारखी हसली.

मग काठ चाचपत ती बाबांच्या डाव्या हाताला जाऊन बसली. आता आठवलं, कित्येक वर्षं ती डावीकडेच बसते. जेवताना, बाकावर, सगळीकडे. बोलायचं झालं की त्याच कानाशी वाकते. आईला मी काय सांगणार होते?

थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, थांबला बघा."

बाबा लगबगीने गुडघ्यांवर बसले, पंप बंद करून जाळीला चिकटलेलं पान काढलं आणि बटण पुन्हा दाबलं. सवयीने डोळे मिटून मान कलती केली. मग डोळे उघडून त्यांनी आईकडे पाहिलं.

"लागला का गं?"

"लागला," आई म्हणाली.