ओव्हर घेतल्याशिवाय

धाकटी अजून आली नव्हती, आणि दूध गाळता गाळता मी तिला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलात नर्स. मी डायलिसिसला, ती आयसीयूला. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघांचा मिळून एक ट्रक आहे आणि दोघेही घरापेक्षा त्याच्यातच जास्त राहतात. घरी उरतो आम्ही दोघी, माझी नववीतली लेक आणि पलंगावर सासूबाई. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणं गेलं. समजतं मात्र सगळं. नाकातल्या नळीतून दूध द्यायचं, ठरल्या वेळी कूस बदलायची, घशात साठलेलं मशीनने ओढून काढायचं. सांभाळायला बाई ठेवून पाहिली. पहिली पळाली, दुसरीला आम्हीच पळवलं. शेवटी आम्ही पाळ्या लावून घेतल्या. ती ड्यूटीवर तेव्हा मी घरी, मी ड्यूटीवर तेव्हा ती. गाठ पडते ती दारात.

त्या दारात आमचा एक नियम आहे, हॉस्पिटलातून घरी आलेला. पाळी बदलताना पेशंट दुसरीच्या हवाली करतात, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. काय दिलं, काय राहिलं, सगळं सांगायचं. घेणारी शेवटी विचारते, "आणखी काही?" नाही म्हटलं की ती म्हणते, "घेतली." हा शब्द कानावर पडेपर्यंत जागा सोडायची नाही, मग बाहेर आभाळ का कोसळेना.

आता घोडं कुठे अडलं होतं ते सांगते. नर्सना परदेशात पाठवणारं एक ऑफिस आहे. आम्ही दोघींनी तिथे परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या, पास झालो. समोर दोन देश होते. एकाला आम्ही थंडी म्हणायचो, दुसऱ्याला वाळू. थंडीत जागा एकच उरली होती. गेलं की पाच वर्षांनी कायमचं राहता येणार, नवरा आणि मूल सोबत नेता येणार, सासू मात्र नाही. वाळूत दोन वर्षांचा करार, एकटीने जायचं, पैसे कमी, आणि करार संपला की गाशा गुंडाळून घरी यायचं.

"वाळूच घेऊया ताई," धाकटी म्हणाली होती. "दोन वर्षं एकीने जायचं, मग दुसरीने. पाळ्या लावायच्या. तिथे चालतं म्हणाले ऑफिसवाले, एकीच्या जागी दुसरी."

तिचं बोलणं चुकीचं नव्हतं, आणि त्याचाच मला राग येत होता. मला थंडी हवी होती. माझ्या लेकीने तिथल्या शाळेत जावं, तिला या घराचा औषधांचा वास विसरता यावा, असं मला इतकं वाटत होतं की छातीत दुखायचं. पण थंडीला जी जाईल ती सुटेल, आणि जी राहील ती आईंच्या पलंगाशी जन्माची बांधली जाईल. हे दोघींनाही कळत होतं. नवऱ्यांनी तर "तुम्ही दोघी ठरवा" म्हणून हात झटकले. ट्रकमधून तेवढंच जमतं.

त्या दिवशी दुपारी दोनला ऑफिसातून नावं पुढे जायची होती. धाकटी रात्रपाळीहून सकाळी येणार, मग बसून ठरवायचं, असं बोलणं झालं होतं. सकाळ गेली. लेक शाळेत गेली. फोन लावला तर नुसता वाजत राहिला. आमचे फोन ड्यूटीवर लॉकरमध्ये असतात हे मला माहीत होतं, पण ड्यूटी तर केव्हाच संपली होती. मग ही आहे कुठे?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला जे करावंसं वाटत होतं, तेच ती करत असणार असं मी धरून चालले. परस्पर ऑफिसात गेली असेल, थंडीच्या कागदावर सही करून मोकळी झाली असेल, आणि मी इथे दूध गाळत बसलेय. वाळू वाळू करून मला गाफील ठेवलं बयेने!

आईंना दूध दिलं, नळी बंद केली, पाठीमागे दोन उशा लावून डोकं उंच केलं. दूध दिल्यावर अर्धा तास माणसाजवळून हलायचं नाही, हे मी शिकाऊ मुलींना इतक्यांदा सांगितलंय की त्या माझी नक्कल करतात. मी चपला घातल्या.

"आई, आलेच मी. गेले आणि आले."

त्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली. त्यांच्या डाव्या हातात अजून बराच जोर आहे. मी एकेक बोट सोडवलं आणि बाहेरून कडी लावली.

ऑफिसात टाय लावलेला एक मुलगा बसतो, आम्ही त्याला टायच म्हणतो. मी धापा टाकत विचारलं, "थंडीची जागा गेली?"

"नाही मॅडम, आहे."

मी पुढचं काही ऐकलंच नाही. कागद ओढला, सही केली, तारीख घातली. सही सुबक आली.

"मग वाळूचं रद्द करू ना?" टाय म्हणाला. "काल तुमच्या जाऊबाई येऊन गेल्या. दोघींची नावं घाला म्हणाल्या, पहिली फेरी मोठ्या ताईंची. तुमची संमती आणते म्हणाल्या होत्या."

मी खुर्चीचा हात धरला. काल ती ड्यूटीला जाताना इथे येऊन गेली होती, आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. मी रागाने नकार देईन अशी तिला भीती वाटली असणार. नकार दिलाही असता.

"दोनपर्यंत थांब," मी म्हणाले. "फोन करते."

जिना चढतानाच मला आवाज ऐकू आला. खळखळ असा, घशातून येणारा. तो आवाज मी वॉर्डात शंभरदा ऐकलाय, पण माझ्याच घराच्या कडीपलीकडून कधी नाही. उशा घसरल्या होत्या. आई आडव्या झाल्या होत्या, तोंडातून दूध आलं होतं, ओठ काळेनिळे. मी त्यांना कुशीवर घेतलं, मशीन लावलं, नळी घशात घातली, ओढलं, पुन्हा ओढलं. "आई, श्वास घ्या. घ्या ना हो!" मी ओरडत होते, शिव्या देत होते, त्यांना की मला ते कळत नव्हतं. मग एक खोकला आला. नंतर दुसरा. ओठांवर रंग येईपर्यंत मी देवाला जी आश्वासनं दिली त्यांतलं एकही माझ्या हातातलं नव्हतं.

दार लोटून धाकटी आली तेव्हा मी आईंची चादर बदलत होते. तिचा चेहरा उतरलेला, घोट्याशी मोज्यांचे वळ उठलेले.

"माझी पाळी घेणारी रिलिव्हरच आली नाही," ती म्हणाली. "राजीनामा पाठवून रातोरात उडाली, थंडीला. सगळे व्हेंटिलेटरचे पेशंट, सोडून फोनपर्यंत तरी कशी जाणार? दुसरी मिळेपर्यंत थांबले." तिने हात धुतले आणि पलंगाशी उभी राहिली. "द्या ओव्हर."

मी दिली. दूध किती दिलं, कूस कुठली, चादर बदलली. माझा आवाज नेहमीसारखाच येत होता, याची मला लाज वाटली.

"आणखी काही?"

नाही म्हणता आलं असतं. आई बोलू शकत नाहीत. पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

"आहे," मी म्हणाले. आणि सांगितलं. दूध देऊन कडी लावून गेले ते, सही केली ते, परत आले तेव्हा ओठ कसे होते ते.

धाकटीने स्टेथोस्कोप काढला, आईंच्या छातीला दोन्हीकडे लावला. "उजवीकडे खरखरतंय."

"हो. डॉक्टरांना बोलावलंय."

"मी ओव्हर घेत नाही."

"धाकटे..."

"अर्धीच दिलीत." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला. "तुम्ही कुठे जाताय ते सांगितलंच नाहीत. त्याशिवाय मी काय घ्यायचं, दोन तासांची पाळी की जन्माची?"

घड्याळात दोन वाजायला आले होते. लेकीचं दप्तर, थंडीतली शाळा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं, आणि मला रडू आलं. रडतच मी टायला फोन लावला.

"थंडीचा कागद फाडून टाक. वाळू. दोघींची नावं. आणि पहिली फेरी माझी नाही, धाकटीची."

मी फोन ठेवला तरी ती तशीच उभी. "मी कशाला आधी? आणि गेले अन् परत आलेच नाही तर? येईन कशावरून?"

मी तिच्या पायांकडे बघितलं.

"आज तुझी रिलिव्हर आली नाही. तू वॉर्ड सोडलास?"

"सोडणार कशी? पेशंट होते."

"मग झालं तर."

तिने तोंडावरून हात फिरवला. मग उशी सारखी केली आणि म्हणाली, "घेतली. जा, पडा जरा."

नियमाप्रमाणे आता मला उठता येत होतं. पण आईंनी पुन्हा माझी बाही धरली होती, आणि ती बोटं सोडवायची माझी छाती होईना.