रंजिताचं लेझर

"कर आता. मी तयार आहो," खाटेवर बसून जमनीबाई म्हणाली आणि तिने तोंड वर केले. सकाळीच न्हाऊन, केस विंचरून आली होती.

रंजिता बापाकडे पाहत राहिली. लखीराम दिग्रसच्या जिनिंगात फिटर. पोरगी हैदराबादेत लेझरवर संशोधन करते, हे त्याने इतक्यांदा सांगितले होते की तांड्यातल्या कुत्र्यांनाही पाठ झाले असावे. आणि लेझर म्हटले की तांड्याला एकच गोष्ट ठाऊक होती, मोतीबिंदू. गेल्या वर्षी त्याच्या बहिणीला, जमनीबाईला, अंधुक दिसू लागले, तेव्हा महागावला डोळ्यांचे शिबिर होते. "कायले जाते, बाई? आपली रंजिता येईन ना दिवाळीत," असे म्हणून लखीरामनेच तिला अडवले. त्या दिवाळीला रंजिताला सुटी मिळाली नाही, ती आली या दिवाळीला.

"फूफी, माह्यं लेझर डोळ्याचं नाही वं."

"मंग कायचं?"

"बा जिनिंगात कापसातून सरकी काढते ना? तसं मी रेणूतून इलेक्ट्रॉन काढते. रेणू म्हंजे बारीक बारीक कणांची जोडी. तिले उजेडाचा झटका द्याचा, पापणी लवते त्याच्याहून लय लय लहान. झटका कसा देला त्याच्यावर ठरते, इलेक्ट्रॉन कोन्या बाजूनं निघंल, जोडी तुटंल का टिकंल. ते आपल्या हाती आणाचं, हेच माह्यं काम."

जमनीबाईने जरा विचार केला. "त्याले दुखते का?"

"नाही वं."

"मंग बरं." ती हसली. लखीराम मात्र हसला नाही. रंजिता समोर बसली होती आणि बहीण बोलत होती ती रंजिताच्या बाजूच्या भिंतीकडे पाहून.

दुसऱ्या दिवशी तिघे एसटीने यवतमाळला गेले. डॉक्टरांनी डोळे तपासले. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. डावा डोळा गेला होता. उजव्यात जेवढी नजर उरली तेवढी औषधाच्या थेंबांनी टिकली तर टिकेल.

"लेझरनं काहीच नाही होणार?" रंजिताने विचारले.

"गेलेली नजर परत येत नाही. वर्षभर आधी आणायला हवं होतं."

लखीरामला मेल्याहून मेल्यासारखे झाले. परतताना एसटी दारव्ह्याला थांबली. तेव्हा तो म्हणाला, "बाई, मीच अडवलं तुले."

"खिडकी लाव," जमनीबाई म्हणाली. "वारा लागून राह्यला."

तांड्याच्या तोंडाशी शेजारची लीलाबाई उभीच होती. "झालं का वं लेझर?"

रंजिता काही सांगू पाहत होती, तेवढ्यात जमनीबाईने तिचा हात दाबला.

"झालं ना. आपल्या रंजितानंच केलं. लखलख दिसून राह्यलं."

"शिकवल्याचं सार्थक झालं, लखीरामभाऊ," लीलाबाई कौतुकाने म्हणाली आणि ही बातमी सांगायला पुढच्या घरी गेली.

घरात आल्यावर जमनीबाईने पाणी मागितले. लखीरामने तांब्या आणून तिच्याजवळ ठेवला. तिने हात पुढे केला, तो वीतभर बाजूला, मोकळ्या जमिनीवर टेकला. लखीरामने आवाज न करता तांब्या तिच्या हाताखाली सरकवला.