मरणबाईची चौथी ओळ

ऑक्टोबर सरत आला, मृतांचा सण जवळ आला की त्या गावात सगळ्यांना काव्य सुचायला लागतं. चारच ओळी, निव्वळ थट्टेच्या: मरणबाई येते, माणसाच्या खोडीवर बोट ठेवते आणि शेवटी त्याला घेऊन जाते. हा मान फक्त जिवंतांचा. मेलेल्यांसाठी झेंडूची फुलं आणि गोड पाव, त्यांची थट्टा कुणी करत नाही.

फिदेन्सियो न्हाव्याच्या दुकानाची भिंत या कवितांनी भरून जायची. चाळीस वर्षं तो अख्ख्या गावावर लिहायचा, आणि त्याच्यावर लिहायची त्याची बायको तोमासा. यंदा डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं. फुप्फुसं गेलीत, मागेल ते खाऊ घाला, म्हणाले. मग तोमासानं पेन्सिलीला हातच लावला नाही. कसा लावणार?

दुपारी तो अंथरुणातून म्हणाला, "तोमा, भिंतीवर पाववाला नाबोर आहे, पाद्रीबाबा आहेत. मी कुठंय?"

"मक्याचे तामाले उकडायचे होते. राहून गेलं."

"राहून गेलं म्हणे! मला आत्ताच फुलं-पाव मिळणाऱ्या मेलेल्यांत बसवलंस होय गं?"

तोमासा तरातरा स्वयंपाकघरात गेली, साखरेच्या पुड्याचा कागद फाडून त्यावर खरडलं आणि परत येऊन मोठ्यानं वाचलं:

टकली मरणबाई आली, खुर्चीत बसली ऐटीत,
म्हणे, "न्हाव्या, भांग पाड, आहे मी जरा घाईत."
त्यानं हेरला एकच केस, गप्पा हाकल्या चिक्कार,
कंटाळून उठली बाई, एकटीच गेली वेशीपार!

फिदेन्सियो हसला, हसता हसता खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "झकास. पण एकटीच कशी गेली? चाळीस वर्षं लिहितेस, नियम विसरलीस?"

"माझी कविता आहे. मी काय हवं ते लिहीन!"

"तोमा." त्यानं तिचा हात धरला. "'एकटीच' खोड. 'घेऊनच' लिही. मात्रासुद्धा तेवढ्याच आहेत बघ."

मेल्यानं मात्रा मोजल्या होत्या! तिनं डोळे पुसले, शब्द खोडला, त्यानं सांगितलेला लिहिला. वाचायला मात्र तिनं कागद त्याच्यापुढं धरला. ती ओळ त्यानंच वाचली, हळूहळू, मध्ये दोनदा श्वास घेत.

"आणि माझी रे?" तिनं विचारलं. "दर वर्षी पहिली माझी असते."

त्यानं उशीखालून चुरगळलेला कागद काढला. तीन ओळी होत्या. तिच्या घोरण्यावर, तिच्या खारट तामाल्यांवर. मरणबाई दारात येऊन उभी होती. चौथी, घेऊन जाण्याची ओळ कोरीच.

"महिना झाला, जमतच नाहीये," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"हात्तिच्या! आणि मला नियम शिकवतोस, म्हाताऱ्या?"

दोघंही हसायला लागली. संध्याकाळी तिनं त्याच्यावरची कविता दुकानात आरशाशेजारी नेऊन चिकटवली. आपल्यावरची अर्धवट कविता तिनं घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवली. त्या वर्षी भिंतीवर तोमासा नव्हती.