गजराची ओळ

कीबोर्डवरचं खालच्या बाणाचं बटण पार गुळगुळीत झालं होतं. त्यावरचा बाण आता फक्त बोटालाच ठाऊक, आणि ते बोट सकाळपासून दाबतच होतं... ओळी वर सरकत होत्या, स्क्रीनच्या डावीकडे तिच्या, उजवीकडे मास्तरांच्या. एकाच प्रोग्रामच्या दोन ब्रांच, म्हणजे दोन प्रती, कित्येक महिने वेगवेगळ्या वाढलेल्या. संध्याकाळच्या रिलीजआधी त्या मर्ज करायच्या, दोन्हींची एक करायची, आणि जिथे दोघांनी एकाच ओळीला हात लावलाय तिथे कुणाची ठेवायची ते तिनं ठरवायचं. बाकीचं मार्गी लागलं होतं. घोडं अडलं होतं ते एकाच ओळीपाशी – सलाईनच्या यंत्राचा गजर.

थेंब थांबले की गजर. तिच्या ब्रांचमध्ये तो जरा दम धरून वाजायचा, कारण रोग्यानं नुसता हात हलवला तरी नळी मुरगळते, आणि ऊठसूट कोकलणारा गजर नर्स शेवटी बंदच करून टाकतात. मास्तरांनी तो दम काढून टाकला होता; त्यांच्या ओळीत थेंब थांबला की त्याच क्षणी गजर. का, ते लिहिलं नव्हतं. लिहिणार कधी? – ओळ बदलली आणि त्याच आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. मास्तर हे नाव ऑफिसनं पाडलेलं. साधा प्रश्न विचारला तरी हवेत फळा उभा करून समजावत बसायचे, आणि ही घाईची, त्यांचं वाक्य अर्ध्यावर तोडून आपणच पुरं करायची... भेटायला जायचं राहून गेलं होतं. राहून गेलं – म्हणायचं आपलं.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "अजून त्यातच? तुझी ठेव नि मोकळी हो. ते काही जाब विचारायला येणार नाहीत."

ते वळले तसा तिनं फोन लावला. मास्तरांच्या बायकोनं उचलला.

"जागेच आहेत गं. पण शब्द जुळवायला वेळ लागतो हं त्यांना. थांबशील ना?"

"थांबते, वहिनी."

फोन मास्तरांच्या कानाशी गेला तसं तिनं विचारलं, गजराची कुणाची ओळ ठेवू. मग नुसता श्वास... जड, ओढल्यासारखा. तिच्या जिभेवर दोन-तीन उत्तरं तयार होती. ती तिनं गिळली.

"रा... राहू दे."

"काय राहू दे, मास्तर? माझी ओळ, की तुमची?"

पुन्हा श्वास. हसू की ठसका, कळलं नाही. "दमले गं," वहिनी म्हणाल्या. "ये ना एकदा घरी."

फोन ठेवला. राहू दे... म्हणजे असू दे? की जाऊ दे, सोड? वाद घालून थकलेला माणूसही असंच म्हणतो. आणि मग तिला एकदम जाणवलं – झटक्यानंतर मास्तर स्वतःच तशाच एका यंत्राखाली पडून होते, तोंडातून हाक फुटत नसताना. थेंब थांबले तर कोण येतं, किती वेळानं येतं, हे त्यांनी छताकडे बघत मोजलं असेल. ते विचारायचं होतं. तिनं ओळीचं विचारलं.

"झालं का?" साहेबांचा आवाज आला.

"नाही."

एवढंच, पुढे सबब न जोडता. थकवा होताच, पण सकाळचा थकवा 'उरकून टाक' म्हणत होता... हा मात्र तिला बसवून ठेवत होता, त्या दोन ओळींसमोर, आणि तिला उठावंसंही वाटत नव्हतं.