शेवटचा खण

बाबांची शेवटची फुंकर आमच्या माजघरात, आठ फुटी सर्फबोर्डाच्या पोटात आहे.

ती तिथे कशी गेली ते मला माहीत आहे, कारण झाकण मीच लावलं. बोर्ड सावरीच्या हलक्या लाकडाचा, होडीसारखा आतून पोकळ. मधे कणा, दोन्ही अंगांना फासळ्या, हवा खेळायला फासळीफासळीत भोक. वरची फळी चिकटवण्याआधी बाबा फासळ्यांमधल्या एकेका खणावर वाकत, छाती भरून श्वास घेत आणि फुंकर मारून भुसा उडवत. शेवटच्या खणाशी ते वाकले तेव्हा गोंद सुकत आला होता. मी म्हटलं, "बाबा, आटपा." त्यांनी तोंड बाजूला घेतलं, मी फळी दाबली. ते परत सरळ झालेच नाहीत. फुंकर मारण्याआधी त्यांनी छाती भरून घेतली होती का, ते मी पाहिलं नाही.

ते भूगोलाचे मास्तर. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जन्म गेला, पण पोहता येत नव्हतं. "पोहता येत नाही म्हणूनच तर पाण्यावर उभं राहायचंय," असं ते सांगत.

तेरावा झाल्यावर मी फळीला कान लावला. फुंकर फासळ्यांतून एका टोकाला जात होती आणि परत येत होती. दुपारच्या उन्हाने बोर्ड फुगे, संध्याकाळी बसे. मी त्याच्या पोटाभोवती सुतळी गुंडाळली, टोक भिडलं तिथे गाठ मारली आणि रोज सकाळी माप घेऊ लागले.

मंगळवारी टोक गाठीच्या बोटभर पुढे गेलं. म्हणजे कुणीतरी बोटभर फुंकर घेतली होती.

घरात आम्ही तिघी. मी, आई आणि तेराव्यानंतरही राहिलेली वत्सूआत्या, बाबांची धाकटी बहीण. त्या सकाळी आईने चहावर तीनदा फुंकर मारली. तसं बाबा करायचे. आई कढत पिणारी.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"फुंकर."

"चटका बसतो गो," आई म्हणाली आणि बशीत बघत राहिली.

आत्या पडवीत तांदूळ निवडत होती आणि दातांतून शीळ घालत होती. बाबांचीच, शेवटी खाली उतरणारी.

"माझा भाऊ होता तो," ती सूप पाखडत म्हणाली. "शीळ आमच्या घरातली. तुमच्याकडे उसनी आलेली."

मी उठून माजघरात गेले. बोर्डावर रेझिनचे आणखी तीन हात दिले, खिडक्या लावल्या, फटींत कापूस बसवला आणि कान लावून तिथेच बसले. आई ताट उंबऱ्यावर ठेवून जाई.

खिडक्या बंद झाल्यावर बोर्ड संध्याकाळीही बसेना. सुतळी पुरेना. आधी कपाट पडवीत काढावं लागलं, मग आईची खाट. शुक्रवारी तो दोन्ही भिंतींपासून वीतभरावर येऊन ठेपला. स्वयंपाकघरात जायचं तर भिंतीला पाठ लावून, तोंड बोर्डाकडे करून, पोट आत घेऊन सरकावं लागे. आत्याला सरकायला फार वेळ लागायचा. मी बघत असायची.

शनिवारी कणा कट् वाजला. सावरीचं लाकूड देणारे जनू मेस्त्री आले, त्यांनी बोटाच्या पेराने फळी वाजवून पाहिली.

"बाय, पोकळ बोर्डाक भोक व्हया. वर स्क्रू. जमिनीवर उघडो, पाण्यात बंद. मास्तरांका म्हायत होता."

"मग त्यांनी पाडलं का नाही?"

"ता शेवटाक पाडतत."

"भोक पाडलं तर फुंकर जाईल."

"नाय पाडलंस तर बोर्ड फुटतलो. मगे काय ऱ्हवतला?"

"मंगळवारी तुम्ही कुठे होतात?"

मेस्त्रींनी आईकडे पाहिलं. आत्या हसली. "आता मेस्त्रीसुद्धा का? सुतळी त्यांच्याही पोटाला गुंडाळ."

आई भिंतीला पाठ लावून सरकत माझ्याजवळ आली.

"हेमू, तू दिवसभर त्याला कान लावून बसतेस. फळीच्या शिवणीवर. तशीच डोळा लागतो तुझा. तोंड उघडं असतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला झोप लागत होती," आई म्हणाली.

कणा पुन्हा वाजला. शिवणीवर केसाएवढी रेघ दिसली. मी मानेनेच हो म्हटलं.

मेस्त्रींनी गिरमिट शेवटच्या खणावर टेकवलं. मी अंगठा तयार ठेवला होता. गिरमिट बाहेर निघताक्षणी मी भोक दाबलं.

हवा बाहेर आली नाही. बोर्ड छाती भरून घेत असल्यासारखा अंगठा आत ओढला गेला.

जमिनीवरचा भुसा माझ्या पावलांवरून सरकत बोर्डाकडे चालला. फटींतला कापूस सुटला. आत्याने शीळ घालायला ओठ पुढे काढले, पण आवाज आला नाही. मेस्त्रींनी दाराची चौकट धरली. आईच्या कपाळावरची बट सरळ झाली आणि माझ्या अंगठ्याकडे वळून ताठ राहिली.

मी बाबांना हाक मारायला तोंड उघडलं. आईने त्यावर तळहात ठेवला आणि दाबून धरला.