माझ्यात झोपणारा शिंपी

मी एक जुनी आरामखुर्ची आहे. मित्रांनो, ताठ पाठीने सांगते, जे मला जमलं ते भल्या मोठ्या पलंगाला जमलं नाही.

सुताराने मला घडवलं, पण माझं कापड एका शिंप्याने शिवलं, दुहेरी टाके घालून. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं माझ्यात बसत आणि उठायचं नाव घेत नसत. दुकान बंद झालं, तशी मी त्याच्या घरी आले. मग मुलाने नवा पलंग आणला आणि माझी रवानगी गॅलरीत, बादल्यांशेजारी झाली.

शिंपी पलंगावर आडवा झाला की त्याचा श्वास कोंडायचा. धडपडत उठायचा, माझ्यात येऊन टेकायचा, तेव्हा कुठे डोळा लागायचा.

मुलगा कुरकुरायचा, "एवढा पलंग आणला, पण बाबांना खुर्चीच गोड!"

अरे, माणूस आडवा व्हायला घाबरतोय आणि तुला पलंगाची पडलीय!

शिंपीही कमी नव्हता. पाय सुजले, तर पठ्ठ्याने पायजमे उसवून पायाशी रुंद करून घेतले. सूज झाकली! डॉक्टरांनी विचारलं की ठोकून द्यायचा, "झोप? एकदम झकास."

पुढे जिना चढउतार करणंही त्याला जमेना, म्हणून डॉक्टर घरी आले. मुलाने त्यांना बसायला मलाच पुढे केलं.

"ती नको," शिंप्याची बायको म्हणाली, "ती यांची झोपायची जागा आहे."

डॉक्टर थबकले. "पलंग असताना?"

"तसं काही नाही हो," शिंपी म्हणाला, "गॅलरीत हवा बरी येते."

"हवा कसली! आडवं झालं की जीव घाबरा होतो यांचा. आणि तो पायजमा वर करा जरा. तुमची कारागिरी डॉक्टरांनाही बघू दे!"

डॉक्टरांनी घोट्यावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

"काका, हे नुसतं वय नाही. हृदय थकलंय, छातीत पाणी साचतंय. आजच दवाखान्यात चला."

मुलगा खाली मान घालून बॅग भरायला लागला.

हृदय काही नवं झालं नाही. गोळ्या आता जन्माच्या आहेत. पण शिंपी उशाला उंची देऊन पलंगावर झोपतो.

मित्रांनो, मला पुसू नका, पॉलिश करू नका. पण घरातलं कुणी बसून झोपत असेल, तर त्याची थट्टा करू नका आणि वयावर ढकलू नका. डॉक्टरांना सांगा, त्याच्यादेखत सांगा, तो चिडला तरी सांगा.

सध्या मी रात्रभर रिकामी असते. एवढा मान मला दुकानातही मिळाला नव्हता.